बिनकुलपाचा कॉम्प्युटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९७च्या दिवाळीत आमचे अण्णा मुंबईची ड्यूटी करून परतले ते काखेत एक मोठं खोकं घेऊन. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. खोक्यावर कॉम्प्युटरचं चित्र होतं. आत टाइपरायटरसारखा कीबोर्ड, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि दोन कॅसेट. ज्यांच्या घरी हा प्रकार होता त्यांना आठवत असेल, त्या चपट्या प्लास्टिकच्या डबीला आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे. टेपरेकॉर्डरशी तिचा काही संबंध नाही. आत फीत नसते, चिप असते. पण आज मीही तिला कॅसेटच म्हणणार आहे.

अण्णांनी बाराशे रुपये मोजले होते. पोरगं कॉम्प्युटर शिकेल, एवढाच हिशेब. गावात तेव्हा कॉम्प्युटरचा एकच क्लास होता आणि त्याची फी परवडणारी नव्हती. दिवाळी संपल्यावर अण्णा मला घेऊन त्या क्लासच्या सरांकडे गेले, हा घरचा कॉम्प्युटर आहे तर फीमध्ये काही सवलत मिळेल का, असं विचारायला. सरांनी कीबोर्ड उलटा करून पाहिला आणि हसले. म्हणाले, "कंडक्टरसाहेब, फसवलं तुम्हाला. हा व्हिडिओ गेम आहे. ह्याला कॉम्प्युटर म्हणत नाहीत."

अण्णा काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंतही बोलले नाहीत. मी पुढं दोन-तीन वर्षं त्याच्यावर मारिओ आणि काँट्रा खेळलो, मग तो माळ्यावर गेला.

ते सर चुकत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि ज्यांच्यामुळं कळलं ती माणसं कुठल्या कंपनीची नव्हती, विद्यापीठाची नव्हती. आज त्यांच्याविषयी आणि त्यांनी घडवलेल्या हत्यारांविषयी बोलायचं आहे.

सुरुवात जपानपासून करावी लागेल. १५ जुलै १९८३ रोजी निन्तेन्दो कंपनीनं टीव्हीला जोडायचं एक खेळयंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली ते घडलं. त्याचं नाव होतं 'फॅमिली कॉम्प्युटर', लोकांच्या तोंडी 'फॅमिकॉम'. नावातच कॉम्प्युटर होतं आणि ते नाव खोटं नव्हतं. आतली मुख्य चिप ही ६५०२ नावाच्या एका अमेरिकन प्रोसेसरची बहीण. हा ६५०२ चक पेडल आणि बिल मेन्श यांच्या चमूनं १९७५ साली केला आणि २५ डॉलरला विकायला काढला. त्या काळी असल्या चिपांना शेकड्यांनी डॉलर पडत असत. याच चिपवर ॲपल-टू चालला. म्हणजे ज्या वंशात ॲपल, त्याच वंशात आमच्या माळ्यावरचा डबा.

एक फरक होता. परवाने वाचवायला असेल किंवा कशाला, पण फॅमिकॉमच्या चिपमधून दशमान पद्धतीनं बेरीज-वजाबाकी करण्याची सोय काढून टाकलेली होती. पुढं कुणीतरी चिपचं आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा दिसलं, की त्या सोयीची बहुतेक सगळी जुळणी आत शाबूत आहे, फक्त मोजके ट्रान्झिस्टर गाळून तिची वाट तोडलेली आहे. वाड्यातली खोली तशीच ठेवून दार बुजवावं तसं. ही दशमानाची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

यंत्राला काम करण्यापुरती स्मृती होती दोन किलोबाइट. हे भाषण त्यात निम्मंही मावणार नाही. चित्रांसाठी वेगळी चिप. ती चित्रं कशी काढायची? ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. आठ ठिपके आडवे, आठ उभे, असा एक चौकोन. असे २५६ चौकोन मागच्या देखाव्यासाठी आणि २५६ हलणाऱ्या पात्रांसाठी. बस. सगळं जग याच चौकोनांच्या फरशा मांडून उभं करायचं. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. आम्ही वर्षानुवर्षं तो खेळ खेळलो आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. तो अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो त्याहून मोठा असतो.

आता हा कॉम्प्युटर होता, तर मालकाला त्यावर काही लिहिता येत होतं का? जपानमध्ये थोडंसं येत होतं. १९८४ साली निन्तेन्दोनं शार्प आणि हडसन या कंपन्यांच्या मदतीनं 'फॅमिली बेसिक' काढलं. एक कीबोर्ड, एक कॅसेट आणि बेसिक ही सोपी भाषा. लिहिलेलं जतन करायला खरी टेपरेकॉर्डरची फीत. मुलांना आपला कार्यक्रम लिहायला जागा मिळायची जेमतेम दोन किलोबाइट. आणखी एक मेख होती. मारिओ, पेंग्विन वगैरेंची चित्रं कॅसेटमध्ये कायमची कोरलेली होती. ती हलवता येत, पण आपलं नवं चित्र काढता येत नसे. म्हणजे बाहुल्या त्यांच्या, दोऱ्या फक्त तुमच्या हातात.

तरीही त्यातून एक माणूस निघाला. सातोशी ताजिरी. खेळांवर हातानं लिहून, स्टेपल मारून 'गेम फ्रीक' नावाची पत्रिका काढणारा हा तरुण फॅमिली बेसिकवरून यंत्राचा स्वभाव शिकला, मग त्यानं आणि त्याच्या मित्रांनी खेळ लिहिण्याची हत्यारं स्वतःच जुळवली आणि 'क्विंटी' हा खेळ केला. १९८९ साली नाम्को कंपनीनं तो प्रसिद्ध केला. याच ताजिरीनं पुढं १९९६ साली 'पोकेमॉन' आणलं. इकडं इंग्लंडात टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांच्या 'रेअर' कंपनीनंही तेच केलं. फॅमिकॉम उघडून, तपासून, तो कसा चालतो ते स्वतः शोधून काढलं आणि मग निन्तेन्दोकडे जाऊन परवाना मिळवला. कंपनीची पोथी न वाचता यंत्र वाचण्याची ही परंपरा अशी पहिल्यापासूनची आहे.

पण १९८५ साली यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा त्याला कुलूप लागलं. यंत्रात एक छोटी चिप, प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघी एकमेकींशी सतत ठरलेल्या चालीत बोलत राहायच्या. सूर चुकला, की यंत्र दर सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि टीव्हीवर नुसती उघडझाप. बाहेरच्या कंपन्यांना खेळ काढायचा तर परवाना घ्यायचा, वर्षाला पाचच खेळ काढायचे आणि कॅसेट निन्तेन्दोकडूनच बनवून घ्यायच्या. याला दुसरी बाजू आहे, हेही सांगायला हवं. १९८३ साली अमेरिकेत रद्दड खेळांचा इतका सुळसुळाट झाला होता, की तो सगळा धंदाच बसला. कुलपामागं ती भीती होती. पण कुलपाचा खिळा बसला तो घरबसल्या काहीतरी करू पाहणाऱ्या माणसाच्या पायात.

हे कुलूप फोडण्यावरून एक गाजलेला खटला झाला. अटारी गेम्स या कंपनीनं १९८८ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून त्या चिपच्या कार्यक्रमाची प्रत मिळवली. कोर्टात उपयोगासाठी हवी आहे असं सांगून, म्हणजे चक्क खोटं बोलून. मग 'टेन्गेन' या नावाखाली परवान्याशिवाय कॅसेट विकल्या. १९९२ साली अपील न्यायालयानं निकाल अटारीच्या विरुद्ध दिला. पण त्याच निकालात न्यायालय आणखी एक गोष्ट म्हणून गेलं: रीतसर विकत घेतलेली वस्तू उघडून ती कशी चालते हे समजून घेणं, हा काही स्वतःहून गुन्हा नाही. अटारी अडकली ती लबाडीनं प्रत मिळवली म्हणून. पुढच्या सगळ्या हौशी मंडळींचं काम या एका फरकावर उभं आहे. त्यांनी पोथी चोरायची नव्हती. यंत्राकडे बघून आपली आपण लिहायची होती.

आणि आपल्याकडे काय होतं? मूळ जपानी फॅमिकॉमला हे कुलूप नव्हतंच. तैवानमध्ये त्याच्या दोन्ही चिपांच्या नकला तयार झाल्या, पुढं सगळं एकाच चिपमध्ये आलं, आणि नव्वदच्या दशकात निरनिराळ्या नावांनी हे डबे भारतभर पसरले. पाच रुपये तास दरानं चालणाऱ्या दुकानांपासून लग्नाच्या आहेरापर्यंत. नक्कल जपानी यंत्राची, म्हणून त्यालाही कुलूप नाही. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या यंत्राला जे दार बंद होतं, ते बार्शीच्या मुलाच्या यंत्राला सताड उघडं होतं. फक्त पुस्तक नव्हतं. माझ्या डब्याबरोबर चार पानांची इंग्रजी घडीपत्रिका होती आणि तिच्यातलं इंग्रजी कुणाच्याच गावचं नव्हतं.

दोन कॅसेटपैकी एकीवर '९९९९ इन १' लिहिलं होतं. आम्ही भावंडांनी मोजायला सुरुवात केली तर तीस-पस्तिसाव्या खेळानंतर पहिलाच पुन्हा आला, फक्त मारिओ आता तिसऱ्या पातळीपासून धावत होता. दुसऱ्या कॅसेटमध्ये बेसिक होतं. अशा कीबोर्डवाल्या डब्यांमधलं बेसिक हे निन्तेन्दोच्या फॅमिली बेसिकचंच नाव पुसलेलं लेकरू. मी त्याच्यावर दहा ओळी लिहिल्या होत्या. पडद्यावर माझं नाव खालून वर जायचं. अण्णांना दाखवायला हाक मारली आणि लाइट गेली. जतन करायची सोय काय असते, हे त्या चार पानांत नव्हतं. तेवढ्यात सरांचं ते वाक्य झालं आणि मग मी पुन्हा लिहिलंच नाही. खरं सांगायचं तर मला त्या डब्याची लाज वाटायला लागली होती.

गंमत अशी, की अगदी त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काही मुलं या यंत्राचं पुस्तक लिहायला बसली होती.

झालं असं, की १९९६ साली मरात फैझुलिन या रशियन तरुणानं 'आयनेस' नावाचा एम्युलेटर लिहिला. एम्युलेटर म्हणजे साध्या कॉम्प्युटरनं खेळयंत्राचं घेतलेलं सोंग. वर्षभरात, एप्रिल १९९७मध्ये, 'नेस्टिकल' नावाचं दुसरं सोंग आलं आणि ते इतकं चपळ होतं, की जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवरही खेळ पळू लागले. बहुतेक लोक तिथं फुकट खेळायला आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एम्युलेटर लिहायचा तर यंत्राचा प्रत्येक अवयव कसा वागतो ते ठाऊक हवं. म्हणून टिपणं लिहिली गेली. कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं की रंग बदलतो, कुठं लिहिलं की आवाज निघतो. साध्या अक्षरांतल्या लांबलचक फाइली. चुका असत, दुसरा त्या दुरुस्त करी, तिसरा त्यात भर घाली. फैझुलिननं प्रत्येक खेळाच्या फाइलीच्या तोंडाशी १६ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची पद्धत पाडली: आत कार्यक्रम किती, चित्रं किती, कॅसेट कुठल्या जातीची. ती चिठ्ठी आजही थोड्याफार बदलानं चालते. रेल्वेच्या रुळांमधलं अंतर एकदा कुणीतरी ठरवून गेला, तसंच हे.

सोंग तयार झालं आणि हौशी माणसाच्या हाती कार्यशाळाच आली. त्याआधी आपण लिहिलेला कार्यक्रम यंत्रात चालवून पाहायचा तर तो चिपमध्ये भरावा लागे, चिप कॅसेटमध्ये बसवावी लागे. चुकला, की चिप काढून अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवायची म्हणजे ती पुसली जायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका स्वल्पविरामासाठी अर्धा तास! आता तेच काम काही सेकंदांत होऊ लागलं.

पहिलं हत्यार लागतं असेम्बलर. माणसाला वाचता येतील अशा आज्ञा यंत्राच्या आकड्यांत बदलणारा. चिप ६५०२च्या वंशातली, म्हणून असेम्बलर शून्यातून करावा लागला नाही. 'नेसॲस्म' नावाचा जो असेम्बलर हौशी मंडळींनी सुरुवातीला उचलला, तो मुळात पीसी इंजिन या दुसऱ्याच जपानी खेळयंत्रासाठी केलेला होता. त्याला डागडुजी करून फॅमिकॉमच्या कामाला लावलं. लोहारानं नांगराचा फाळ ठोकून कोयता करावा, तसा सगळा कारभार.

पण या सोंगाचं एक दुखणं होतं. गावात बहुरूपी पोलिसाचा वेष करून येतो, दम देतो, हसवतो. पण त्यानं सोडून दिलं म्हणून खरा पोलीस सोडत नाही. सुरुवातीचे एम्युलेटर तसे होते. त्यांच्यावर छान चालणारा हौशी खेळ खऱ्या यंत्रात घातला, की पडद्यावर चिखल. कारण समजून घेण्यासारखं आहे. जुन्या टीव्हीत एक किरण वरून खाली रेघा मारत चित्र रंगवतो. फॅमिकॉमची चित्रचिप त्याच्या बरोबरीनं, रेघेगणिक काम करत असते आणि त्या वेळी तिच्या स्मृतीला हात लावलेला तिला खपत नाही. चित्र पूर्ण होऊन किरण खालून पुन्हा वर जातो, तेवढ्या क्षणात काय बदल करायचे ते करून घ्यायचे. मूळ यंत्रात ही फट प्रोसेसरच्या सुमारे २,२७० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जराशी मोठी. बहुरूपी मात्र केव्हाही हात लावू देई.

हे दुखणं बरं करायला दहा-बारा वर्षं लागली आणि मला तरी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं. पडदा सरकवताना चित्रचिपच्या आत नेमकं काय घडतं, यावर १९९९ साली 'लूपी' असं टोपणनाव घेणाऱ्या एकानं एक टिपण लिहिलं. अगदी थोडक्या ओळींचं. त्या चिपमधल्या दोन अदृश्य खणांना आजही त्याच्याच नावानं ओळखतात. त्याचा चेहरा बहुतेकांनी पाहिलेला नाही. 'ब्लार्ग' नावानं लिहिणाऱ्या दुसऱ्यानं छोटे छोटे परीक्षा घेणारे कार्यक्रम लिहिले. ते खऱ्या यंत्रावर चालवायचे आणि सोंगावरही. उत्तर वेगळं आलं, तर सोंग नापास. २०१०च्या सुमारास काही जणांनी मूळ ६५०२ चिपचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून तिचा प्रत्येक ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरवर जिवंत केला, आणि पाठोपाठ फॅमिकॉमच्या चिपांचीही पाळी आली. त्या दशमानाच्या बुजवलेल्या दाराचा पत्ता लागला तो याच उद्योगात.

या कामाचा पगार कुणाला मिळाला नाही. निन्तेन्दोनं १९९५च्या आसपासच ते यंत्र अमेरिकेत बनवणं थांबवलं होतं. म्हणजे मालकानं सोडून दिलेल्या घराचा नकाशा वाटसरू काढत होते, भिंतीवर बोटानं टकटक करून.

नकाशा तयार झाल्यावर हत्यारं भराभर सुधारली. 'सीसी६५' नावाचा कम्पायलर मुळात अटारीच्या आठ बिटी कॉम्प्युटरसाठी जॉन डनिंग यांनी लिहिला होता. १९९८पासून उलरिश फॉन बासेवित्स यांनी तो हाती घेऊन वाढवला. त्यामुळं फॅमिकॉमसाठी सी भाषेत लिहिणं शक्य झालं. यंत्राचे सगळे बारकावे एका पेटीत भरून ठेवणारी 'नेसलिब' आली. संगीतासाठी 'फॅमिट्रॅकर' आला. २००८ साली 'एफसीईयूएक्स' या नावाचा एम्युलेटर आला, ज्यात खेळ मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावता येई. त्याच सुमारास मेमरी कार्ड घालायची सोय असलेल्या कॅसेट निघाल्या, म्हणजे आपला खेळ कार्डावर घ्यायचा आणि खऱ्या यंत्रात खोचायचा. २०१० साली 'बॅटल किड' नावाचा हौशी खेळ खऱ्याखुऱ्या कॅसेटमध्ये विकला गेला. २०१९ साली जर्मनीतल्या 'मॉर्फकॅट' या छोट्या चमूनं 'मायक्रो मेजेस' हा चार जणांनी खेळायचा खेळ आणला. त्याचा आकार? ४० किलोबाइट. मारिओएवढाच, मुद्दाम. २०१८पासून तर 'नेसमेकर'सारखी हत्यारं आहेत, ज्यात एक ओळही न लिहिता, नुसता माउस फिरवून खेळ जुळवता येतो. मला ते फारसं रुचत नाही, पण ती माझी खोड.

भारताचं नाव या इतिहासात एकदा येतं. २००८च्या सुमारास डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लेपॉवर' नावाचा उपक्रम सुरू केला. भारतातल्या बाजारात दहा-बारा डॉलरना मिळणारे हेच कीबोर्डवाले डबे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, हा तर गरीब घरातल्या मुलांसाठी तयार कॉम्प्युटर आहे, त्यावर शिकवणारे खेळ लिहू या. लिहायला हत्यारं हौशी मंडळींचीच. उपक्रम फार फोफावला नाही. स्वस्त मोबाइल येत होते. पण मी त्याची बातमी वाचली ती तंत्रनिकेतनाच्या स्टाफरूममध्ये. मी तेव्हा तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो होतो. बातमीतला फोटो पाहिला आणि चहा तसाच राहिला. तोच कीबोर्ड, तोच रंग. आणि खाली लिहिलेलं: आत ६५०२. तो प्रोसेसर मी रोज मुलांना फळ्यावर शिकवत होतो.

त्या शनिवारी गावी जाऊन माळ्यावरून खोकं काढलं. स्क्रू सोडवले. आत जवळजवळ रिकामं. एक हाताएवढी पट्टी आणि मधोमध काळ्या राळेचा एक थेंब, रुपयाच्या नाण्याएवढा. त्या थेंबाखाली सगळं. अण्णा शेजारी खुर्चीवर बसून पाहत होते. मी म्हणालो, "अण्णा, हा कॉम्प्युटरच होता." ते म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

त्यानंतर मी संध्याकाळी बसून शिकलो. घाई नव्हती. पहिलं महिनाभर तर मी नुसती अक्षरं काढत होतो, कारण मला पडद्यावर मराठी हवं होतं. आठ बाय आठच्या चौकोनात इंग्रजी अक्षर आरामात बसतं. देवनागरीचं तसं नाही. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये अक्षर. शेवटी एका अक्षराला दोन चौकोन, एकावर एक, असं ठरवलं. शिरोरेघेनं मात्र मदत केली. ती प्रत्येक चौकोनात एकाच ओळीवर ठेवली, की फरशा शेजारी मांडताच रेघ आपोआप अखंड होते. 'क्ष'नं फार छळलं. 'ज्ञ'ला मी टाळलंच.

खेळ एस.टी.चाच केला. गाडी, थांबे, चढणारे प्रवासी, कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे. गाडी पुढच्या टप्प्याला पोहोचायच्या आत सगळी तिकिटं फाडायची आणि हिशेब जुळवायचा. हिशेबापाशी ते बुजवलेलं दार आडवं आलं. यंत्राला दशमान येत नाही, म्हणून एकक, दशक, शतक असे वेगळे खण करून हातचा स्वतः वाहावा लागतो. अण्णांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. वेबिलावर त्यांनी तीस वर्षं तेच केलं होतं.

१९८३ सालच्या पहिल्या खेळांना जेवढी जागा होती तेवढ्यातच बसवायचं, म्हणजे कार्यक्रमाला १६ किलोबाइट, असा हट्ट मी धरला होता. सी भाषेत लिहिलं की यंत्रभाषा जरा सैल उतरते, त्यामुळं जागा काठोकाठ भरली. खेळ तयार झाला तेव्हा अकरा बाइट उरले होते. मेमरी कार्डाची कॅसेट परदेशातून मागवली, जुना डबा पुन्हा जुळवला, माळ्यावरचाच टीव्ही काढला. अण्णांच्या हातात रिमोट दिला. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

पडद्यावर प्रवासी चढले, अण्णांनी बटण दाबलं, घंटी वाजली, गाडी सुटली. अण्णांनी रिमोट खाली ठेवला.

"हे चूक आहे," ते म्हणाले. "एक घंटी म्हणजे थांब. गाडी सोडायला दोन लागतात. एका घंटीवर गाडी सोडणारा ड्रायव्हर मी घरी पाठवला असता."

घंट्या मोजायच्या म्हणजे एक नवा खण, एक तपासणी, एक उडी. कागदावर मांडून पाहिलं. चौदा बाइट लागत होते. दोन रात्री मी कार्यक्रमात कुठं तीन बाइट सुटतात का ते शोधत होतो. मिळाले नाहीत. शेवटी पहिल्या पडद्यावर खेळाच्या नावाखाली मी माझं आडनाव घातलं होतं, ते काढलं.

गाडी आता दोन घंट्यांवर सुटते.